क्रँक सेन्सर नवा टाकला तरी पी०३३५ परत येतोय

टिपर_सातारा: बीएस-६ टिपर, २४ व्होल्ट. गरम झाला की चालता चालता बंद पडतो, गार झाल्यावर सेल्फ मारताच चालू. स्कॅनरवर पी०३३५ (क्रँक सेन्सर सर्किटचा कोड) आणि पी०३४० (कॅम सेन्सर सर्किटचा). दोन्ही सेन्सर क्रँक आणि कॅम शाफ्ट कुठे फिरतोय ते सांगतात. क्रँक सेन्सर बदलून कोड उडवले, पुन्हा तेच. आता कॅमचाही बदलू का?

वायरमन_दादा: अजून आणू नका. पी०३३५ सर्किटचा कोड आहे, त्यात वायर, कपलर (वायर जोडणारा प्लग), अर्थ सगळं आलं. दोन्ही एकदम येतात तेव्हा सेन्सरपेक्षा हार्नेसवर (वायरींच्या जुडग्यावर) संशय जास्त. कपलर काढून आधी पिना मोजा. तीन वायरचा म्हणजे बहुतेक हॉल टाइप (बाहेरून सप्लाय लागणारा): की ऑन, हार्नेसच्या बाजूला सप्लाय (बहुधा ५ व्होल्ट) आणि अर्थ मिळायला हवा. त्याचा ओहम मोजण्यात अर्थ नाही. दोन वायरचा इंडक्टिव्ह (चुंबक-कॉइलचा, सप्लाय न लागणारा): कॉइल बऱ्याचदा ८०० ते १००० ओहमच्या आसपास, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. मोजायचं इंजिन गरम असतानाच. आतली तार तापल्यावर सुटत असेल तर गार कॉइल बरोबरच दाखवणार. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्यच राहिला तर क्रँकचा सिग्नल ईसीएमपर्यंत (इंजिनाच्या कॉम्प्युटरपर्यंत) पोचत नाही.

डिझेल_कट्टा: जुना सेन्सर काढल्यावर टोकाला लोखंडी चुरा चिकटलाय का बघितलं होतं का? चुऱ्यानेही सिग्नल बिघडतो. ओ-रिंगला इंजिन ऑइल लावून हाताने दाबून बसवा, हातोडी नको. बोल्ट एम६ असेल तर साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर, जास्त आवळला की प्लास्टिकचा कान तुटतो. सेन्सर पूर्ण टेकला नाही तर सेन्सर आणि फिरणाऱ्या दातांमधला गॅप वाढतो. क्लचकामात फ्लायव्हील बदललं असेल तर सेन्सर वाचतो ती दातांची रिंग त्याच इंजिनाची आहे ना, तेही तपासा. आणि पी००१६ (क्रँक-कॅमचा मेळ चुकल्याचा कोड) आला तर सेन्सर सोडा, टायमिंग बघा.

टिपर_सातारा: क्रँकचा दोन वायरचा, कॅमचा तीन वायरचा निघाला. बॅटरी काढून कोड उडवले तर चालेल?

वायरमन_दादा: मग ५ व्होल्टची लाइन दोघांना सामाईक नाही. दोन्ही वायरी एकत्र जातात ती जागा शोधा, विशेषतः एक्झॉस्ट आणि ईजीआरजवळ (एक्झॉस्टचा वायू परत इंजिनात नेणारा भाग). तिथे इन्सुलेशन वितळतं. इंजिन चालू ठेवून हार्नेस हलवा, पट्टे-पंख्यापासून हात लांब. बॅटरी काढू नका. की बंद केल्यावर डीईएफ (धूर साफ करायचं युरियाचं द्रावण) पंप लाइनमधलं डीईएफ परत टाकीत ओढतो; त्याआधी कट-ऑफ (बॅटरीचा मेन स्विच) मारला तर लाइनमध्ये खडे धरतात. शिवाय कोड मेमरीतून जाईलच असं नाही. फ्रीझ फ्रेम (कोड आला त्या क्षणीचे रीडिंग) लिहून ठेवा, इंजिन बंद, की ऑन करून स्कॅनरने उडवा, मग लोड घालून इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवा.