जुन्या पुस्तकांचे फोटो: कला की नुसती सजावट?

झरोका
जुनी पुस्तकं वाचण्यापेक्षा त्यांचे फोटो काढण्यात मला जास्त रस आहे. माझ्याकडे निर्णयसागरची काही संस्कृत पुस्तकं आहेत. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत काढलेला हा छापखाना, आणि तिथल्या देवनागरी टाइपाला राणोजी आरूंचा हात लागलेला. सकाळचं तिरपं ऊन पानावर पडलं की छपाईच्या खिळ्यांनी कागदात पाडलेले खळगे दिसतात, पाठच्या बाजूचा उठाव दिसतो, कसरीने कुरतडलेली नक्षी दिसते. काय उजेडात आणायचं नि काय अंधारात ठेवायचं, हे मी ठरवतो. म्हणून ही माझी कला. पटतंय?

टाकदौत
नाही. अक्षरं आरूंची, छपाई कारागिरांची, नक्षी कसरीची. तुमचं काय, ऊन? त्यापेक्षा अख्खं पुस्तक स्कॅन करा. लेखक जाऊन ६० वर्षं उलटली की आपल्याकडे स्वामित्वहक्क संपतो, मग ते सगळ्यांसाठी खुलं करता येतं. एका देखण्या पानाचा अभ्यासकाला काय उपयोग?

झरोका
स्कॅनरचा उजेड समोरून पडतो, खळगा दिसतच नाही. मजकूर हाती येतो, कागद नाही. आणि दुसऱ्याची कारागिरी म्हणून नाकं मुरडायची, तर देवळांचे फोटो काढणाऱ्यांनीही कॅमेरे विकावेत.

पानगळ
१८४४ पासून भाग येऊ लागलेल्या 'द पेन्सिल ऑफ नेचर' या फोटोंच्या पुस्तकात टॅल्बट या सुरुवातीच्या काळातल्या छायाचित्रकाराने पुस्तकांच्या दोन फळ्यांचा फोटो दिलाय. नाव ग्रंथालयातल्या दृश्याचं, पण उजेड पुरावा म्हणून पुस्तकं मांडली घराबाहेर! कोणती पुस्तकं घ्यायची, कशी लावायची, हे त्याने ठरवलं. लेखक दुसरे असतील, निवड त्याची. मला त्या फोटोत तोच दिसतो.

जुना_ग्रंथपाल
कला असो वा नसो, उन्हाचं काय? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा कागद पसरला. त्यातलं लिग्निन (लाकडातलंच एक द्रव्य) उजेडाने पिवळं पडतं, आणि असला आम्लयुक्त कागद ठिसूळ होऊन दुमडताच तुटतो. एक छोटा एलईडी दिवा बाजूने लावा, तोच खळगा दिसेल. पुस्तक सपाट उघडू नका, दोन्ही पुठ्ठ्यांखाली आधार द्या, काम झालं की मिटा. (पानं 'जुनी' दिसावीत म्हणून त्यांवर चहा शिंपडणारे महाभागही पाहिलेत. त्यांच्याबद्दल इथे लिहिण्यासारखे शब्द माझ्याकडे नाहीत.)

झरोका
दिव्याचं मान्य. उन्हाची मजा नाही त्यात, पण करून बघतो.

टाकदौत
मग आणखी एक करा. फोटोखाली पुस्तकाचं नाव, छापखाना, सन लिहा. मागच्या वेळी नुसतं 'गतकाळ' लिहिलं होतंत. कुणाचा गतकाळ?

झरोका
नाव लिहिलं की लोक फोटो बघायचं सोडून पुस्तकाबद्दल बोलत बसतात.

टाकदौत
बसू देत की!