दरवर्षी तीच स्ट्रॅटेजी, दहा टक्के वाढवून

लालबागकर: मसाल्याचा धंदा, तीस माणसं. दर मार्चमध्ये दोन दिवस बैठक होते आणि निघते गेल्या वर्षाचीच योजना, फक्त आकडे वाढवून. नवी स्ट्रॅटेजी शोधायची काही पद्धत असते का, की ती सुचावीच लागते?

परळ_१२: पद्धत असते. शेठ आधी बोलले की शोध तिथंच संपतो, बाकीचे माना डोलावतात. म्हणून पाच-सहा जणांनी एकमेकांना न विचारता लिहून द्यावं. त्यात डंकावरचा, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावरचा माणूस हवाच. गिऱ्हाईक काय मागून परत जातं ते त्याला ठाऊक असतं.

त्यातून असे पर्याय उचला की एक धरला तर दुसरा सोडावा लागेल. गिऱ्हाइकाच्या मापानं बेडगी-संकेश्वरी मिरची कुटून द्यायची, की हॉटेलांना ठरलेल्या चवीचा मालवणी मसाला पुरवायचा? 'दोन्ही करू' हे उत्तर घेऊ नका. एप्रिल-मेमध्ये डंकाला उसंत नसते.

मग प्रत्येक पर्यायाखाली लिहा: हे चालायला काय काय खरं असावं लागेल? हॉटेलांसाठी, दर खेपेला चव तीच यावी आणि पैसे ३० दिवसांत यावेत. जे सगळ्यात डळमळीत, ते आधी तपासा. दादर-परळमधली आठ हॉटेलं पुरेत. पहिली ऑर्डर धरू नका, ती ओळखीवर मिळते. तिसरी आपणहून आली का, ते बघा.

चर्चगेट_फास्ट: एक भर. एकेक गोष्ट सुधारत गेलं की आपण जवळच्या टेकडीवर चढतो आणि तिथंच अडकतो. पलीकडचा डोंगर गाठायला आधी उतरावं लागतं. चिप बनवणाऱ्या इंटेल कंपनीनं १९८५ मध्ये मेमरी चिप सोडून मायक्रोप्रोसेसर धरला. १९८६ साल तोट्यात गेलं.

शिवाय स्ट्रॅटेजीचे भाग एकमेकांत गुंतलेले असतात. जुलै २०१९ मध्ये मुंबईच्या बेस्ट बसचं किमान भाडं ८ वरून ५ रुपयांवर आलं. स्वस्त भाडं फळायला गाड्याही वाढाव्या लागतात. बेस्टच्या स्वतःच्या गाड्या मात्र घटत गेल्या. मे २०२५ मध्ये किमान भाडं १० रुपये झालं. म्हणून उधारी, पॅकिंग, डंकाची वेळ हे सगळं एकत्रच तपासा.

लालबागकर: चाचणी सीझनमध्ये की पावसाळ्यात?

परळ_१२: सीझनमध्येच. ऑगस्टात डंक रिकामा, तेव्हा काहीही जमतं. बैठक जानेवारीत घ्या, मार्चपासून दहा आठवडे चाचणी. कधी थांबायचं तेही आधीच लिहा: उधारी ४५ दिवसांपुढे गेली किंवा तीन हॉटेलांनी चवीवरून माल परत केला, की बंद. तो कागद चाचणी चालवणाऱ्याकडे नको, हिशेब बघणाऱ्याकडे ठेवा.