सुपे, १८७५: ऑनलाइन परिषदेत १५ मिनिटांत काय मांडू?

नीराकाठची
नमस्कार. मी टीवायबीएला आहे, विषय इतिहास. पदवीच्या विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन परिषदेत माझा पेपर निवडला गेलाय: १८७५ चे शेतकऱ्यांचे सावकारांविरुद्धचे उठाव, पुणे जिल्ह्यातला सुपे परिसर. १५ मिनिटं बोलायचं, मग प्रश्न. अमेरिकेतलं यादवी युद्ध, त्याने चढलेले आणि मग पडलेले कापसाचे भाव, इंदापूरची १८६७ ची सारावाढ (जमीन महसुलातली वाढ), १२ मेला सुप्यात झालेला सावकारांवरचा हल्ला, उठावांच्या चौकशीचा आयोग, शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा १८७९ चा कायदा... स्लाइड वाढतच चालल्यात. दुसरं, आमच्या गावातली म्हातारी माणसं सांगतात की इथेही सावकाराची खतं, म्हणजे कर्जाचे लेखी रोखे, ओढ्यात जाळली. आयोगाच्या अहवालात मला गावाचं नाव मिळालं नाही. हे सांगावं का? परीक्षक 'पुरावा काय' विचारतील याची धास्ती वाटते.

मोडीवाचक
अभिनंदन, ताई. कापसाची तेजी-मंदी दोन वाक्यांत उरका, ती ऐकणाऱ्यांना ठाऊक असते. वेळ घाला खतावर. धान्याची दुकानं लुटली गेली हे खरं, पण लोक मागत होते वह्या आणि रोखे. ते का, हाच तुमचा पेपर.

१८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्यावर तीनच वर्षांत दावा लावता येई. हेतू असा की व्याज साचू नये. झालं भलतंच. मुदत संपत आली की सावकार नवं खत लिहून घेई आणि थकलेलं व्याज मुद्दलात जाई. एका स्लाइडवर काल्पनिक हिशेब मांडा: १०० रुपये, दरमहा शेकडा दोन. तीन वर्षांत ७२ रुपये व्याज, नवं खत १७२ चं. आणखी तीन वर्षांनी तेच जवळजवळ २९६. कर्जदार कुळाच्या हाती मधे एक पैसाही नवा आलेला नसतो. हा आकडा पडद्यावर आला की खतं का जाळली हे वेगळं समजावावं लागत नाही.

गावची आठवण जरूर सांगा, पण आठवण म्हणूनच. कोणी सांगितली, त्यांना कोणाकडून कळली, तेही सांगा. अहवालात नाव नाही एवढ्यावरून काही घडलंच नाही असं ठरत नाही. जिथे सावकाराने खतं मुकाट्याने देऊन टाकली, तिथली फिर्याद सरकारपर्यंत गेलीच असेल असं नाही. शिवाय आयोग सरकारनेच नेमलेला होता आणि दोष सरकारच्या शेतसाऱ्यापेक्षा सावकारीवर जास्त आला, हे परीक्षकांना आपणहून सांगा. इतिहासकार नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ साली या उठावांचं महत्त्व फुगवलं गेल्याचं मांडलं होतं. त्यावर प्रश्न येणार, उत्तर तयार ठेवा.

एमए भाग १
मी गेल्या वर्षी असाच पेपर गावातून मोबाइलवर मांडला. स्लाइडची पीडीएफ आयोजकांना आदल्या दिवशीच पाठव, रेंज गेली तर ते पुढे सरकवतात. अहवालाचं अख्खं पान लावू नकोस, फोनवर कोणालाच वाचता येत नाही. चार ओळी कापून मोठ्या कर आणि मोठ्याने वाच.

नीराकाठची
खूप आभार दोघांचे. व्याजाची स्लाइड आजच करते. एक राहिलं: आठवणीत त्या सावकाराचं नाव येतं आणि त्या घराण्यातली माणसं अजून गावात आहेत. नाव घेऊ?

मोडीवाचक
नको. अहवालात छापलेली नावं घ्यायला हरकत नाही, पण हे नाव फक्त तोंडी आहे आणि परिषदेचं रेकॉर्डिंग पुढे यूट्यूबवर जातं. पंचक्रोशीत कोणीही ते पाहील. 'एक सावकार' एवढं पुरे. आणि ज्यांनी आठवण सांगितली त्यांनाही आधी विचारा, त्यांचं नाव दिलेलं चालेल का ते.