रात्रीचा बॅकअप प्रायमरीवरून काढून मडगावच्या स्टँडबायवर नेला. तुमचं मत काय?

तिसवाडीकर:
आमच्या पतसंस्थेचा मुख्य डेटाबेस (प्रायमरी) पणजीत, त्याची सतत ताजी होणारी प्रत (स्टँडबाय) मडगावच्या शाखेत. पोस्टग्रेस १६ हे डेटाबेस सॉफ्टवेअर, स्ट्रीमिंग रेप्लिकेशन, म्हणजे पणजीतला बदल लगोलग मडगावला जातो. ३० जूनला तिमाहीचं व्याज पडत होतं. डे-एंड (दिवसाचे हिशेब बंद करणं) लांबलं आणि त्यातच रात्री अकराचा बॅकअप सुरू झाला. दोघांनी मिळून डिस्कचा जीव काढला. सकाळी काउंटर उघडायला पावणेअकरा वाजले, पिग्मी एजंट मशीन घेऊन दारात ताटकळत उभे. दुसऱ्याच दिवशी मी पीजी_बेसबॅकअप (अख्ख्या डेटाबेसच्या फाइलींची प्रत) मडगावहून घ्यायला सुरुवात केली. वॉल फाइलींचं, म्हणजे प्रत्येक बदलाच्या नोंदींचं, आर्काइव्ह पणजीहूनच चालू आहे. स्टँडबायवरून बेसबॅकअप घ्यायची सोय २०१२ च्या ९.२ आवृत्तीपासून आहे, तेव्हा हा काही नवा प्रयोग नव्हे. गिऱ्हाईक समोर उभं असताना दुकानदार गल्ला मोजायला बसत नाही. प्रायमरीवरूनच बॅकअप घ्यावा असं ज्यांना वाटतं त्यांनी बाजू मांडावी.

बार्देशकर:
मांडतो. ज्याच्यावरून बॅकअप घेताय तो स्टँडबाय चालतोय की नाही, हे कोण बघतं? दोन पावसाळ्यांपूर्वी रस्त्याच्या खोदकामात आमची फायबर तुटली. लिंक तीन दिवस बंद. रेप्लिकेशन स्लॉट (स्टँडबायला पोचेपर्यंत वॉल फाइली राखून ठेवणारी सोय) ठेवला नव्हता, त्यामुळे प्रायमरीने जुन्या वॉल फाइली काढून टाकल्या आणि लिंक परत आली तरी स्टँडबाय जागचा हलेना. बॅकअप मात्र रोज रात्री पुरा व्हायचा, ‘यशस्वी’ म्हणून मेल यायचा. अकरा दिवस आम्ही एकाच दिवसाचा डेटा पुन्हा पुन्हा जपून ठेवत होतो! स्टँडबाय किती मागे पडलाय याचं बेसबॅकअपला सोयरसुतक नसतं. प्रायमरीवर ही धास्तीच नाही.

तिसवाडीकर:
दुखणं खरं आहे, पण त्यावर प्रायमरीकडे परतणं हा इलाज मला पटत नाही. आमची स्क्रिप्ट आधी विलंब तपासते. त्यातही एक खाचखळगा आहे. शेवटचा व्यवहार कधी लागू झाला ही वेळ स्टँडबाय देतो, पण रात्री दोनला व्यवहारच नसतात, त्यामुळे धडधाकट स्टँडबायसुद्धा मागे पडल्यासारखा दिसतो. म्हणून पणजीत एका छोट्या टेबलात दर मिनिटाला वेळ लिहितो. मडगावात ती ओळ पाच मिनिटांपेक्षा जुनी दिसली की बॅकअप थांबतो आणि माझा फोन वाजतो. स्लॉट ठेवलाय. लिंक तुटली की स्लॉटपायी पणजीची डिस्क वॉलने भरत जाते, म्हणून मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइजला मर्यादाही घातली आहे.

केपेकरीण:
तुम्ही दोघं बेसबॅकअपवरच अडून बसलात. आम्ही पीजी_डंप (टेबलं वाचून त्यांतला डेटा लिहून काढणारं साधन) स्टँडबायवर नेला आणि पहिल्याच आठवड्यात तो दोनदा अर्ध्यावर मेला. रिकव्हरीशी, म्हणजे प्रायमरीचे बदल स्टँडबायवर लागू करण्याशी, संघर्ष झाला म्हणून क्वेरी रद्द. प्रायमरीवर व्हॅक्यूमने मेलेल्या ओळी साफ केल्या की तेच स्टँडबायवर लागू करावं लागतं, आणि त्यासाठी स्टँडबाय क्वेरीची वाट बघतो ती मुदत, मॅक्स_स्टँडबाय_स्ट्रीमिंग_डिले, मुळात ३० सेकंदांची. ती मुदत वाढवली तर स्टँडबाय मागे पडतो. हॉट_स्टँडबाय_फीडबॅक (कोणत्या ओळी अजून लागताहेत हे स्टँडबाय प्रायमरीला कळवतो) चालू केला तर डंप संपेपर्यंत प्रायमरीला त्या ओळी साफ करता येत नाहीत आणि टेबलं फुगतात. उतरवलेलं ओझं मागच्या दाराने परत तिच्याच डोक्यावर. बेसबॅकअपला हा त्रास नाही, मान्य. पण कुणाचं तरी एकच टेबल परत हवं असतं तेव्हा डंपच उपयोगी पडतो. गेल्या वर्षभरात आमच्याकडे आलेल्या सगळ्या मागण्या अशाच होत्या, अख्खा डेटाबेस कुणी मागितलाच नाही. म्हणून आमचा डंप प्रायमरीवर, पहाटे तीनला.

डिचोलीकर:
पणजी ते मडगाव अंतर किती? तीस-पस्तीस किलोमीटर, मध्ये जुवारी नदी. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा उत्तरेत झाडं पडली आणि दक्षिणेतही पडली, वीज दोन्हीकडची गेली. मूळ डेटा आणि त्याची प्रत दोन्ही एकाच वादळाच्या वाटेत ठेवायच्या आणि प्रायमरी की स्टँडबाय यावर भांडायचं, हे मला पटत नाही. एक प्रत घाटापलीकडे बेळगावला किंवा पुण्याला हवीच. रोज अख्खी प्रत पाठवायला लाइन पुरत नसेल तर १७ व्या आवृत्तीत, २०२४ मध्ये, इन्क्रिमेंटल (फक्त बदललेला भाग घेणारा) बेसबॅकअप आलाय. अपग्रेड करा.

दुसरं, रिस्टोअर, म्हणजे बॅकअपवरून डेटा परत उभा करणं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामचा कोड साठवणाऱ्या कंपनीत रेप्लिकेशन दुरुस्त करताना चुकून प्रायमरीचीच डेटा डिरेक्टरी उडवली गेली. त्यांचा डंप आधीच बंद पडला होता. डेटाबेस ९.६ चा आणि डंपचं साधन ९.२ चं, आणि अपयशाचे मेल कुणापर्यंत पोचतच नव्हते. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेला एक स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) होता, त्यावर निभावलं. हे सगळं त्यांनी स्वतःच उघडपणे लिहून ठेवलंय. तुमच्यापैकी कुणी गेल्या तीन महिन्यांत रिस्टोअर करून पाहिलंय?

बार्देशकर:
मी पाहिलंय, दर महिन्याला. तिसवाडीकर, तुम्हाला आणखी एक विचारतो. उद्या पणजी पडली आणि मडगाव प्रायमरी झाली, की तुमची स्क्रिप्ट ऐन डे-एंडला तिथेच बॅकअप घेत बसणार. आर्काइव्हचं काय? ते तर पणजीच्या मशीनवर सेट केलंय.

तिसवाडीकर:
स्क्रिप्ट दोन्हीकडे एकच आहे. ती आधी विचारते की मी रिकव्हरीत आहे का. नसेल तर गप्प बसते. आर्काइव्ह_कमांडही दोन्हीकडे लिहून ठेवलाय, मडगाव प्रायमरी झाली की तिथून आर्काइव्ह सुरू होईल. पण दोघींपैकी एक पडून दुसरी एकटीच उरली तर बॅकअप कोण घेणार, हे मी ठरवलेलं नाही. त्या दिवसापुरता प्रायमरीवरून घ्यावाच लागेल, तेवढी अट आज स्क्रिप्टमध्ये घालतो.

अजून एक सांगायचं राहिलं, कुणी हलवणार असेल तर उपयोगी पडेल. स्टँडबायवरचा बॅकअप शेवटच्या रिस्टार्टपॉइंटपासून (स्टँडबायने बदल डिस्कवर पक्के केले त्या टप्प्यापासून) सुरू होतो, म्हणजे त्याला वाटतं त्याहून जुनी वॉल फाइल लागू शकते. आर्काइव्हची सफाई घड्याळ पाहून करू नका. बॅकअपच्या लेबल फाइलमध्ये सुरुवातीची वॉल लिहिलेली असते, तिच्या आधीच्याच काढा.

डिचोलीकर बाब, पुण्याच्या प्रतीचा प्रस्ताव पुढच्या कमिटीसमोर ठेवतो. रिस्टोअर मी एकदाच केलंय, जुलैत, आणि तेही नुसतं सुरू होतं का एवढंच पाहिलं.

केपेकरीण:
तेवढ्याने भागत नाही. सुरू झालेल्या डेटाबेसवर आतली टेबलं वाचून बघा. आमच्या एका जुन्या सर्व्हरवर चेकसम (डेटाचं पान खराब झालंय का ते ओळखणारे आकडे) चालू नव्हते. खराब झालेलं पान बेसबॅकअपने मुकाट्याने कॉपी केलं, ते डंप काढताना सापडलं.

बार्देशकर:
माझं मत अजून बदललेलं नाही. पण चवथीच्या आदल्या दिवशीची संध्याकाळी सहाची स्थिती मडगावचा बॅकअप आणि पणजीचं आर्काइव्ह मिळून परत आणा, आणि तोवरचं पिग्मी कलेक्शन शाखेच्या छापील रजिस्टरशी ताडून पाहा. रुपयान् रुपया जुळला तर मी आमच्याकडचाही एक सर्व्हर हलवून बघतो.

तिसवाडीकर:
शनिवारी दुपारी काउंटर बंद झाला की बसतो. किती तास लागले आणि जुळलं की नाही, दोन्ही इथे लिहितो.