घटस्फोटानंतर फ्लॅट, बाग आणि भविष्य निर्वाह निधी यांची वाटणी कशी होते?

गुहागरची माहेरवाशीण:
नमस्कार. लग्नाला एकोणीस वर्षे झाली. गेली दीड वर्षे मी मुलीसह माहेरी राहते. आता परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचे ठरले आहे. चिपळूणचा फ्लॅट दोघांच्या नावावर असून कर्जाचे हप्ते अजून सहा वर्षे आहेत. यजमान लोटे परशुरामला नोकरी करतात आणि त्यांच्या भविष्य निर्वाह निधीला वारस म्हणून माझे नाव लावलेले आहे. सासऱ्यांच्या हापूसच्या बागेत फवारणीपासून पेट्या भरण्यापर्यंतची कामे मी पंधरा हंगाम केली. पणजीची मावसबहीण म्हणते की बायकोला सगळ्यातले निम्मे मिळते. हे खरे आहे का?

रत्नागिरीचा वकील:
ताई, निम्म्याचा नियम बांद्याच्या पलीकडचा आहे. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार, लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पती-पत्नीची मिळकत सामाईक धरतात. आपल्याकडे ज्याच्या नावावर मिळकत, त्याची ती राहते, आणि पत्नीसाठी न्यायालय हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली एकरकमी किंवा मासिक पोटगी ठरवते. स्त्रीधन मात्र पूर्णपणे तुमचेच आहे.

बागेत तुमचा घाम जिरला आहे, तरीही सातबाऱ्यावर सासऱ्यांचे नाव असताना त्या जमिनीत तुम्हाला हिस्सा मागता येणार नाही, हे सांगताना वाईट वाटते. बाग वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीमुळे मुलीचा तीत जन्मसिद्ध हक्क आहे आणि तुमच्या घटस्फोटाने त्याला बाधा येत नाही.

निधीबाबत विशेष सावध राहा. वारस म्हणून लावलेले नाव केवळ खातेदाराच्या मृत्यूनंतर उपयोगी पडते, आणि निधीच्या कायद्यातील संरक्षणामुळे खात्यात असलेली रक्कम कोणत्याही न्यायालयाच्या हुकमाने जप्त करता येत नाही. म्हणून तिचा आकडा पोटगीच्या एकरकमी रकमेत आजच धरावा. पोटगीच्या दाव्यांत दोन्ही पक्षांनी मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवून दिले आहे. संमतीच्या अर्जातही ते आग्रहाने मागा आणि त्याला निधीचे पासबुक जोडायला सांगा. रक्कम लगेच मिळणार नसेल, तर कलम २५ प्रमाणे यजमानांच्या स्थावर मिळकतीवर तिचा बोजा चढवून घेता येतो.

दापोलीचा निवृत्त बँक कर्मचारी:
फ्लॅटविषयी एवढेच सांगतो की तुमच्या आपसातील समझोत्याने बँक बांधली जात नाही. हप्ते यजमान भरतील असे न्यायालयात लिहून दिले, तरी कर्जाच्या कागदावर तुमची सही असेपर्यंत थकबाकीसाठी बँक तुमच्याकडेही येईल. आधी बँकेकडून सहकर्जदार म्हणून नाव कमी झाल्याचे पत्र घ्या, आणि मगच हक्कसोडपत्र नोंदवा. हा क्रम उलटा झाला तर घर जाते आणि कर्ज मात्र राहते.

सावंतवाडीकर:
माझ्या समझोत्यात ‘निवृत्तीनंतर निधीतील निम्मी रक्कम देईन’ एवढेच वाक्य होते. यजमानांनी मुदतीआधी नोकरी सोडली, पैसे काढले आणि संपवले. माझ्या हातात कागद राहिला. म्हणून धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) हाती आल्याशिवाय शेवटच्या तारखेला होकार देऊ नका. अंतिम हुकूम होईपर्यंत संमती मागे घेता येते. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तेथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

गुहागरची माहेरवाशीण:
सर्वांची मनापासून आभारी आहे. आज समझोत्याचा मसुदा पुन्हा वाचला. निधीचा त्यात उल्लेखच नाही, आणि ‘पत्नी व मुलगी यापुढे कोणत्याही मिळकतीवर हक्क सांगणार नाहीत’ असे एक वाक्य शेवटून दुसऱ्या परिच्छेदात घातलेले आहे. मुलीचे नाव त्यातून काढल्याशिवाय मी सही करणार नाही, असे उद्याच कळवते.