ऑपरेशन झालंय आणि ऑफिसात वजन उतरवायची स्पर्धा लागलीय, बाहेर कसं पडू?

फाउंड्रीतली_अकाउंटंट

नमस्कार मंडळी, जरा लांबड लागणार आहे, सांभाळून घ्या. वय ३९, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका फाउंड्रीत अकाउंट्सला आहे. चार महिन्यांपूर्वी माझी स्लीव्हची सर्जरी झाली, म्हणजे पोटाचा पाऊण भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी नळी तेवढी ठेवतात, ती. तेव्हा ११८ किलो होते, आता ९१. ऑफिसात कुणालाच सांगितलेलं नाही, पित्ताशयाचं ऑपरेशन म्हणून रजा टाकली होती. का नाही सांगितलं ते विचारू नका, आमच्यात एक बाई डाएटिशियनकडे गेली तर आठवडाभर तिच्या डब्यात डोकावत होते सगळे.

तर एचआरनं ९० दिवसांची स्पर्धा काढलीय. पाच-पाच जणांच्या टीम, दर सोमवारी वजन. आणि वजन कुठं, तर डिस्पॅचच्या काट्यावर! ज्याच्यावर कास्टिंगची खोकी चढवतात त्याच्यावर चपला काढून उभं राहायचं, तिथला पोरगा मोठ्यानं आकडा वाचणार, दुसरा बोर्डावर लिहिणार, आणि मागं दहा-पंधरा जण चहाचे कप घेऊन बघत उभे. पाय ठेवला की खालचा पत्रा गार लागतो आणि काळं ग्रीस तळव्याला चिकटतं. मी नकोच म्हणत होते, पण स्टोअरचे सर ऐकेनात, "मॅडम तुमचं तर आपोआप उतरायलंय, तुम्ही आमच्यातच." पहिले दोन-तीन आठवडे भारी गेले. मग काटा अडकला. तीन सोमवार झाले, ९१.२, ९१.४, ९१. परवा सर सगळ्यांसमोर म्हणाले, "काय मॅडम, रविवारी तांबडा-पांढरा जास्त झाला वाटतं." अहो, अर्धी वाटी पांढरा रस्सा संपवायला मला वीस मिनिटं लागतात!

आता माझा मूर्खपणा. सोमवारी आकडा खाली दिसावा म्हणून शनिवारपासून प्रोटीनचा शेक बंद केला, पाणी पण कमी प्यायले, आणि रविवारी टीमबरोबर जोतिबाचा डोंगर चढायला गेले कारण त्याचे बोनस पॉइंट होते. निम्म्यात डोळ्यांपुढं अंधारी आली, दगडावर बसले. हातात बाटली होती पण आम्हाला गटागटा पिता कुठं येतं.

सर्जरीचं न सांगता यातनं बाहेर कसं पडायचं? आणि व्यायाम नेमका किती नि कुठला करायचा? इथं प्लँकला पॉइंट, जोर-बैठकांना पॉइंट असं सगळं आहे. डॉक्टरांची तारीख पुढच्या महिन्यात आहे.

बायपासवाला_इचलकरंजी

ताई, पुढच्या महिन्याची वाट बघू नका, अंधारी आली हे उद्या सकाळी फोन करून सांगा. आणि बीपीची किंवा शुगरची गोळी चालू आहे का? वजन एवढं उतरलं की आधीचा डोस जास्त व्हायला लागतो. माझं तेच झालं होतं, बाथरूममध्ये पडलो तेव्हा घरच्यांना कळलं. गोळी आपल्या मनानं बंद करू नका, पण विचारा.

माझ्या बायपासला (हृदयाचा नव्हे, वजनासाठी पोटाचा करतात तो) तीन वर्षं झाली. काटा अडकणं हे सगळ्यांचं होतं, माझा तर एकदा पाच आठवडे हलला नव्हता. त्यात घाबरून खाणं कमी केलं की चरबीऐवजी स्नायू उतरतात आणि काट्याला काय, तो सगळं एकच मोजतो. आम्हाला दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन सांगितलंय, ते एवढ्याशा पोटात बसवायचं तर शेक सोडून चालतच नाही. त्यात आता तुमचा चौथा महिना, केस गळायची वेळ हीच. ते बहुतेक परत येतात, पण प्रोटीन आणि लोह कमी पडलं तर जास्त जातात. बी१२, कॅल्शियम, डी हे तर जन्माचं मागं लागलेलं आहेच.

मी पण आमच्या ऑफिसच्या स्पर्धेत पहिला आलो होतो. मिक्सर मिळाला. दोन महिन्यांनी कुणाला तरी कळलं नि मग कँटीनमध्ये "ह्याचं काय, ह्यानं पोटच कापून घेतलं" सुरू झालं. मिक्सर चांगला चालतो अजून, पण बायको चटणी वाटायला लागली की मला ते वाक्य ऐकू येतं.

राजारामपुरी_७वी_गल्ली

राग मानू नका पण स्पष्ट बोलतो. ऑपरेशन केलेल्यांनी असल्या स्पर्धेत उतरणं बाकीच्यांवर अन्यायच आहे की. आम्ही पहाटे उठून रंकाळ्याला फेऱ्या मारतो, भात सोडला, मिसळ सोडली, तेव्हा कुठं महिन्याला दीड किलो. शॉर्टकट तो शॉर्टकट.

शाहूपुरीची_बाई

भावा, स्पर्धेचं तुझं बरोबर हाय, आकडे एकमेकांशी लावायचेच न्हाईत. पण शॉर्टकट म्हणू नगंस. माझी स्लीव्ह होऊन दोन वर्षं झाली, मी पहिले पंधरा दिवस नुसत्या पाण्यासारख्या वरणावर काढलो, नंतर एक अंडं खायला अर्धा तास लावलो, लग्नाच्या पंगतीत पहिला घास अडकला म्हणून उठून मोरीकडं पळालो. तुझी मिसळ तू परत खाशील, मला जेवताना पाणी बी पिता येत न्हाई, अर्धा तास थांबावं लागतं. (बाई असून 'आलो-गेलो' का लिहितीय म्हणून पुण्या-मुंबईच्या लोकांनी विचारू नये, कोल्हापुरात आम्ही असंच बोलतो.)

आणि ताई, तू लपवलीस म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. मी शाळेत शिकवतो, स्टाफरूममध्ये फक्त एकीला सांगितलोय, ती माझ्या शेजारी बसती आणि कुणी "एवढंसंच खाताय?" म्हणालं की तीच विषय बदलती. तेवढं एक माणूस बघ तुझ्या ऑफिसात. बाकीच्यांना "डॉक्टरांनी वजनाची स्पर्धा नको सांगितलंय" एवढंच. का विचारलं तर "आहे एक", आणि गप बसायचं. माणसं दुसऱ्यांदा विचारत न्हाईत, बघ तू.

गंगावेस_तालीम

लहानपण तालमीत गेलंय, आता जिममध्ये ट्रेनर आहे, म्हणून काट्याबद्दल बोलतो. पैलवान कुस्तीच्या आधी वजन तोडतात ते जवळपास सगळं पाणी असतं, घाम गाळायचा, पाणी तोडायचं, आणि काट्यावरनं उतरलं की परत प्यायचं. २०२४ला पॅरिसमध्ये विनेश फोगाट फायनलच्या सकाळी १०० ग्रॅमनं बाहेर गेली, आख्खी रात्र वजन तोडून सुद्धा. ती जगातली तयार पैलवान. तुम्ही चार महिन्यांच्या ऑपरेशनवर शनिवार-रविवार तेच केलंत मॅडम, अंधारी नाही येणार तर काय.

व्यायामाचं म्हणाल तर आधी सर्जनची परवानगी, ते झाल्यावर माझ्याकडं येणाऱ्या अशा लोकांना मी चालणं रोजचं ठेवतो, शेजारच्याशी बोलता येईल एवढ्याच वेगानं, आणि दर चार-पाच मिनिटांनी एक घोट. उन्हात नाही. आठवड्यातनं दोन-तीन दिवस ताकदीचं: खुर्चीत बसून उठणं, भिंतीला हात टेकून जोर, रबरी बँड ओढणं, मग हळूहळू हलके डंबेल. प्लँक आणि जमिनीवरचे जोर सध्या राहू देत, कारण नवखा माणूस त्यात श्वास कोंडतो आणि सगळा दाब पोटावर येतो, दुर्बिणीची भोकं पडलेली असतात तिथं हर्निया व्हायची भीती. कुठलंही वजन उचलताना श्वास सोडत उचला.

आणि मोजायचंच असेल तर हे मोजा. हात छातीशी बांधून खुर्चीतनं ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येतं. वहीत लिहा, दर पंधरा दिवसांनी परत करा. काटा अडकलेला असतो तेव्हा सुद्धा हा आकडा वाढतो.

एचआर_मधलाच_एक

आमच्या जमातीच्या वतीनं आधी माफी, डिस्पॅचच्या काट्यावर वजन हे वाचून मलाच लाज वाटली. आम्ही पण एक वर्ष असलंच केलं होतं, मग बंद करून पावलं मोजायची स्पर्धा घेतली.

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल. सर्जरी कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममधनं झाली का? झाली असेल तर त्या क्लेमचे कागद बहुतेक ठिकाणी एचआरच्या टेबलावरनंच जातात. पॉलिसीत ही सर्जरी बसायची तर साधारण बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ४०च्या वर, किंवा ३५च्या वर आणि सोबत शुगर, हार्टसारखा गंभीर त्रास असं लागतं, त्यामुळं कागदावर सगळं स्वच्छ लिहिलेलं असतं. म्हणजे ज्या एचआर मॅडमपासून तुम्ही लपवताय त्यांना चार महिन्यांपासून माहीत असण्याची शक्यता आहे, आणि त्या बोलल्या नाहीत म्हणजे माणूस बरा आहे. एकटं गाठून बोला. मेलवर एकच ओळ टाका, "वैद्यकीय कारणानं माझं नाव काढावं". कारण मेलमध्ये लिहू नका, मेल फॉरवर्ड होतात.

फाउंड्रीतली_अकाउंटंट

उशिरा लिहितेय, क्वार्टर एंड होता. सगळ्यांचे आभार, सातव्या गल्लीवाल्यांचे पण.

बीपीच्या गोळीचंच होतं. फोन केला तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी बोलावलं, डोस निम्मा केला आणि शेक सोडल्याबद्दल शाळेतल्या पोरासारखं झापलं. प्लँक नको, बँड चालेल म्हणाले.

एचआर मॅडमना माहीत होतं! क्लेम मेडिक्लेमचाच होता. मी "मॅडम, मला जरा..." म्हणतेय तोवर त्यांनी दार लावलं आणि म्हणाल्या, "मी वाटच बघत होते, पण तुम्हीच नाव दिलंत म्हटल्यावर मी कशी बोलू." नाव मी नको म्हणत असताना सरांनी टाकलं होतं हे त्यांना माहीतच नव्हतं. आता वजन फर्स्ट एडच्या खोलीत, एकेकानं जाऊन, आणि बोर्डावर किलो न लिहिता टीमची पावलं लिहितात. मी पावलांत पण नाही, हिशेब ठेवायचं काम तेवढं घेतलंय, ते मला येतं.

खुर्ची पहिल्या दिवशी ९ वेळा, काल १२. लंच टाइमला केबिनमध्ये करत होते तर डिस्पॅचचा पोरगा चलन घेऊन आत आला, त्याला वाटलं माझी खुर्ची मोडलीय, स्पॅनर आणायला गेला.

स्टोअरचे सर अजून नीट बोलत नाहीत. एअर फ्रायर होता पहिल्या बक्षिसाला.