मदत हवी आहे: फुलवेस्ट्रंटनंतर (स्तनाच्या कर्करोगावरचं, इस्ट्रोजेन रिसेप्टर नष्ट करणारं औषध) ईआर-अल्फा, म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, खरंच तुटतो की न विरघळता गाळात बसतो?

पेशी एमसीएफ-७ (स्तनाच्या कर्करोगाच्या). माध्यम फिनॉल रेडविना (तो रंग स्वतःच किंचित इस्ट्रोजेनसारखा वागतो), सोबत ५% चारकोल-स्ट्रिप्ड (कोळशाने हार्मोन काढलेलं) सीरम, ३ दिवस. फुलवेस्ट्रंटचा रेणुभार ६०६.८, म्हणून ६.०७ मिग्रॅ १ मिली डीएमएसओत (सेंद्रिय द्रावक): १० मिलिमोलर. त्यातून डीएमएसओतच १०० मायक्रोमोलर, मग माध्यमात १:१०००. म्हणजे १०० नॅनोमोलर, डीएमएसओ ०.१%. पाण्यात पातळ करत गेलं तर औषध प्लॅस्टिकला चिकटतं, ते टाळलंय.

४ तासांनी सौम्य डिटर्जंटच्या बफरमध्ये पेशी फोडून, गाळ खाली बसवून वरचा द्रव चालवला, तर वेस्टर्नवर (प्रथिन ओळखणारी ब्लॉट चाचणी) रिसेप्टरचा ६६ किलोडाल्टनचा पट्टा जवळपास गायब. त्याच पेशी थेट २% एसडीएसमध्ये (तीव्र डिटर्जंट) गरम करून सोनिकेट केल्या (ध्वनिलहरींनी फोडल्या), तर पट्टा बराच शिल्लक! फुलवेस्ट्रंटने रिसेप्टर केंद्रकात न विरघळणाऱ्या भागाला बांधला जातो हे माहीत आहे. मग पहिला निकाल निव्वळ भ्रम समजायचा का?

एमजी-१३२ (पेशीतली प्रथिनं तोडणारा प्रोटिएसोम रोखणारं रसायन, १० मायक्रोमोलर) औषधाआधी किती वेळ द्यावं? गाळासाठी लोडिंग कंट्रोल (प्रत्येक नमुना सारखाच घेतला का, हे दाखवणारं प्रथिन) म्हणून हिस्टोन एच३ (डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्यातलं प्रथिन) चालेल? ॲक्टिन (पेशीच्या सांगाड्याचं प्रथिन) तिथे भरवशाचं वाटत नाही. वेळेचे टप्पे १, ४, २४ तास पुरेत का?